नमुना क्रमांक तेरा

३ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ८

उशिरा लिहितोय, त्याबद्दल माफी असावी. या डायरीत याआधीची नोंद १ जानेवारीची आहे: "आजपासून रोज लिहायचे." मधले आठ महिने गेले याला कारण पेन. ही भाजीची यादी करायला पेन नेते आणि परत जागेवर ठेवत नाही. आज पेन जागेवर आहे. ही नाही.

रविवारी सकाळी मी एवढंच म्हणालो की चहा पाणचट आहे. आवाज चढवला नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, नेहमी जे म्हणतो तेच म्हणालो. हिने गाळणं सिंकमध्ये ठेवलं, ओटा पुसला आणि बॅग भरायला घेतली. ओटा पुसून गेली, म्हणजे राग फार नसावा. मुलीकडे गेली आहे. जाताना, जावयाने माझ्या वाढदिवसाला दिलेला टी-बॅगचा बॉक्स कपाटातून काढून माझ्यापुढे आदळला आणि म्हणाली, "यात बारा प्रकार आहेत. पाणी ओतायचं आणि प्यायचं. नावं ठेवायला बायको लागत नाही."

मला हसू आलं. पण तोवर दार लागलं होतं.

ठराव: बारा प्रकार तपासायचे. रोज एक नमुना. रंग, वास, चव, शेरा, असे चार रकाने आखले आहेत. त्यातला उत्तम निवडून सगळा अहवाल हिला पाठवायचा, म्हणजे तिच्या चहावाचून इथे कुणाचं अडलेलं नाही हे तिला लेखी कळेल. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये आलेला माल तपासला. शिक्षण सातवी, पण इंजिनिअर लोक माझ्या सहीसाठी दारात ताटकळत. गवताच्या पिशव्या मला काय जड आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

मुलीचा फोन. त्यांची वरची खोली रिकामी झाली आहे, भाडेकरू गेला. मुलगी म्हणते, आईने आता इथेच राहावं. ही म्हणाली आहे की रविवारपर्यंत, म्हणजे पंधरा तारखेपर्यंत सांगते.

मी म्हणालो, तिची मर्जी. मुलगी म्हणाली, एवढंच? मी म्हणालो, फोनचं बिल येतं. मुलगी म्हणाली, बाबा, फोन मी केलाय.

ठरावात बदल नाही. पंधराच्या आत अहवाल तिच्या हातात पडला पाहिजे. मग खोली घे नाहीतर गच्ची घे.

४ सप्टेंबर, सकाळी ९

नमुना १, लेमन. बॉक्सवर कृती इंग्रजीत आहे. इंग्रजी मला वाचता येतं, अक्षरं बारीक होती. चहा करताना ही जे करते ते मी पाहिलेलं आहे, म्हणजे पाठमोरी पाहिली आहे. दूध उकळलं, त्यात पिशवी टाकली. दोरा, चिठ्ठी, पिन सगळ्यासकट. दोन मिनिटांत दूध फाटलं.

दूधवाल्याला दारात उभं करून चांगला फैलावर घेतला. तो म्हणाला, आजोबा, लिंबू घातलंत तर दूध फाटणारच. मी म्हणालो, लिंबू कुठे घातलं, चहा घातला. तो हसत जिना उतरला. उद्यापासून दुसरा दूधवाला बघायचा.

शेरा: नापास. रंग गढूळ. पातेल्यात पिन सापडली, एक. चिठ्ठी सापडली नाही. प्यायलो असेन.

५ सप्टेंबर

नमुना २, आलं. आज दुधाविना. उकळतं पाणी ओतलं. वास घेतला: पुदिना. चव: पुदिना. बॉक्सवर आल्याचं चित्र आहे. सरळ सरळ फसवणूक.

गुडघा धरला आहे, खांदाही. सकाळी आणि संध्याकाळी बाम चोळतो. नाक चोंदलं आहे म्हणून थोडा नाकाखाली लावतो. तब्येतीची काळजी घ्यायला कुणाची गरज लागत नाही.

६ सप्टेंबर, संध्याकाळी ५

नमुना ३, कॅमोमाइल. कसली तरी फुलं. म्हणे झोप येते. काहीही. दहा वाजता प्यायलो, झोप अजिबात आली नाही. खुर्चीत डोळे मिटून जरा विचार करत होतो तो साडेतीन वाजले. मान आखडली. शेरा: निरुपयोगी, शिवाय मानेस अपायकारक.

वास: पुदिना. इथेही.

मुलीचा फोन आला नाही. मीही केला नाही. आधी कुणी करायचा हे ठरलेलं आहे.

७ सप्टेंबर

नमुना ४, जास्वंद. रंग लाल. फार लाल. बनियनवर सांडला. सिंकमध्ये धुतला तर सिंक लाल झालं. फडक्याने पुसलं तर फडकं. मग हात. खालच्या मजल्यावरची बाई वर आली होती, तिने दारातून पाहिलं आणि काका, काय कापलं म्हणून किंचाळायच्या बेतात होती. ही बाई निवृत्त नर्स आहे. अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणते. माझ्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान आहे आणि मला काका म्हणते. मुद्दाम म्हणते.

हिचा फोन आला होता का, असं तिने विचारलं. म्हणजे बातमी खालपर्यंत गेली आहे. मी म्हणालो, मंडळी चार दिवस हवापालट करायला गेली आहेत. ती म्हणाली, हो, मला सांगून गेल्या.

तिला सांगून गेली. मला बॉक्स देऊन गेली.

शेरा: आंबट. पुदिना. नापास.

८ सप्टेंबर, रविवार

नमुना ५, ग्रीन टी. पिशवी बुडवली आणि जिन्यातल्या दिव्यावरून सिस्टरशी बोलायला खाली गेलो. ती म्हणते, दिवसा दिवा चालू मी ठेवतो. मी म्हणालो, मी कुठेच काही चालू ठेवत नाही. ती म्हणाली, तुमचा गॅस चालू आहे का बघून या, वास येतोय. गॅस चालू होता. पातेलं गेलं. तिला दिव्याचा मुद्दा टाळायचा होता म्हणून मध्येच गॅस काढला, हे मी ओळखलं.

वर येऊन प्यायलो. पाऊण तास मुरलेला ग्रीन टी. जीभ टाळ्याला चिकटली, जेवताना सुटली. शेरा: कडू. औषध म्हणून विकावा, चहा म्हणून नाही.

एक आठवडा झाला. घरात शांतता चांगली आहे. कपाटातले कप कुठल्या क्रमाने लावतात हे विचारायचं राहिलं.

९ सप्टेंबर, दुपारी १२

नमुना ६, तुळस. पुदिना. नमुना ७, संत्रं. पुदिना. आता खात्री झाली. कंपनी एकच पुदिना बारा पिशव्यांत भरते आणि वर चित्रं बदलते. मालतपासणीत असे लबाड पुरवठादार मी डझनावारी पकडले आहेत.

बॉक्सवरच्या नंबरला फोन लावला. गोड आवाजाची मुलगी. नाव, गाव, बॅच नंबर विचारलं. मी म्हणालो, तुम्ही संत्र्यात पुदिना घालता हे मान्य आहे का, एवढं सांगा. ती म्हणाली, सर, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. मी म्हणालो, भावनेचा प्रश्न नाही, संत्र्याचा आहे. शेवटी म्हणाली, गैरसोयीबद्दल आणखी एक बॉक्स मोफत पाठवतो.

म्हणजे आणखी साठ पिशव्या. तक्रार करणाऱ्याला शिक्षा देण्याची ही नवी पद्धत दिसते.

१० सप्टेंबर

नमुना ८, पेपरमिंट. कमाल आहे. ज्यात पुदिना हवा त्यात नेमका नाही. साधं गरम पाणी. कंपनीच्या स्टोअरमध्ये कुणी माणूस बसतो की नाही?

मी होऊन मुलीला फोन केला. अहवालासाठी पत्त्याचा पिन कोड हवा होता. ही जवळपास होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी सहज विचारलं, स्वयंपाकघर हिच्यावर टाकलं आहे का. मुलगी म्हणाली, छे, आईला आम्ही ओट्याशी येऊ देत नाही. सकाळचा चहा जावई करतो आणि हिला हातात नेऊन देतो. वर विचारतो, आई, जमलाय का.

मी विचारलं, मग ही काय म्हणते. मुलगी म्हणाली, "पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही बाबा. कप धरून बसून राहिली. डोळे भरून आले होते तिचे."

साहजिक आहे. जावयाने केलेला चहा. कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल.

११ सप्टेंबर, सकाळी १०

जावई चहा कशाचा करतो ते विचारायला पुन्हा फोन केला. टी-बॅगचा. लेमन. हिला आवडतो.

नमुना १ ला मी दिलेला शेरा कायम.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वेळ वाया घालवून चालणार नाही. उरलेल्या चारपैकी तीन प्रकार (बडीशेप, दालचिनी, लव्हेंडर) आजच उरकले, लागोपाठ. लव्हेंडर म्हणजे साबण. बडीशेपेचा गुण फार लवकर येतो. तपशील लिहीत नाही. दिवसभर खुर्चीपेक्षा दुसरीकडेच जास्त बसलो. शेरा: तिन्ही पुदिना, तिन्ही नापास.

हिला अशा वेळी काय द्यायचं ते माहीत असतं. मला माहीत नसतं असं नाही. सापडत नाही.

१२ सप्टेंबर

आज बारावा आणि शेवटचा नमुना, वेलची. अहवालाला साक्षीदार असलेला बरा म्हणून सिस्टरला वर बोलावलं. एक कप तिला, एक मला. तिने वास घेतला आणि म्हणाली, छान आहे की. मी म्हणालो, पुदिना लागत नाही? नाही म्हणाली. मी म्हणालो, नीट घ्या वास. तिने कप खाली ठेवला, माझ्याकडे वाकली आणि म्हणाली, "काका, पुदिना कपात नाही. तुमच्या मिशीत आहे. अर्धी बाटली बाम लावून बसलात तर अत्तरालाही बामाचाच वास येईल."

मी म्हणालो, वैद्यकीय सल्ला मागितलेला नाही. ती म्हणाली, फीही मागितलेली नाही. तिने आपला कप पूर्ण संपवला, बिस्किटाचा डबा आपणच शोधून काढला (मला दहा दिवस सापडला नव्हता) आणि जाताना म्हणाली की आज अंघोळ करा, साबण लावून, मग प्या.

अंघोळ रोजच करतो. आज केली ती तिच्या सांगण्यावरून नाही.

अंघोळीनंतर लेमनची एक पिशवी नुसत्या गरम पाण्यात घातली. लिंबू लागलं. आल्याची घातली. आलं लागलं. घशात गरम उतरलं, बरं वाटलं. पेपरमिंटला पुदिना होता, भरपूर.

अहवालात खाडाखोड चालत नाही. त्या वेळच्या परिस्थितीत शेरे बरोबर होते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ११

तुलनेला घरचा चहा हवाच, नाहीतर इंजिनिअर लोक विचारतात, प्रमाण कशाशी धरलं. म्हणून आज तेरावा नमुना स्वतः केला. हिचं पातेलं जळालं, म्हणून दुसरं. हिची चहापत्ती, तेच दूध, हिचंच गाळणं. पहिल्यांदा उतू गेला. दुसऱ्यांदा काळा झाला. तिसऱ्यांदा ठीक दिसला. प्यायलो. पाणचट.

याच पत्तीत ही काय करते कोण जाणे. आधी दूध की आधी पत्ती, झाकण ठेवते की नाही, आलं किसते की ठेचते. चव्वेचाळीस वर्षं मी टेबलाच्या या बाजूला बसलो. तिकडून ते दिसत नाही.

म्हणून तेराव्या ओळीत माझा चहा धरला नाही. हिचा धरला. आठवणीवरून. आणि शेऱ्याची जागा कोरी सोडली.

इथे एक नोंद करून ठेवतो. स्टोअरच्या रजिस्टरात आम्ही फक्त दोष लिहायचो. बोल्ट आखूड, ब्रशचे केस गळतात, हातमोज्याला भोक. ज्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही तो माल पास. कोरा शेरा ही सगळ्यात वरची श्रेणी. एकतीस वर्षांत कोरे शेरे मी मोजून दिले. घरीही तीच पद्धत. ज्या दिवशी चहा घेऊन मी गप्प बसलो, तो दिवस पास. असे दिवस पुष्कळ आहेत. कुणी मोजले नाहीत हा माझा दोष नाही.

अहवाल स्वच्छ अक्षरात लिहिला. बारा प्रकारांना बारा शेरे, एकेक तीन-तीन ओळींचा. आणि तळाला: "नमुना १३, घरचा चहा (तुझा)." पुढे कोरं. सही, तारीख. कुरिअरवाल्याने उद्या पोचेल म्हणून सांगितलं.

तिला याहून जास्त कुणी काही लिहिलेलं नसेल. रविवारी फोन येईल. बॅग स्टेशनवरून आणायला रिक्षा करावी लागेल. परतीचं सामान जास्तच असतं.

१४ सप्टेंबर

पोचला असेल. कपाटातले कप तीनदा लावून पाहिले. दारावरची बेल दाबून पाहिली, चालते. सिस्टरने वर येऊन विचारलं, कुणी आलंय का. मी म्हणालो, तपासणी. ती म्हणाली, तुमची की बेलची. या बाईला उत्तरं कुठून सुचतात.

गुडघा दुखतोय. बाम लावलेला नाही.

१५ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ७

फोन साडेपाचला आला. मुलगी होती.

मुलगी म्हणाली, कागद काल दुपारी मिळाला. आईने चष्मा लावून सगळा वाचला, वरपासून खालपर्यंत. फाटलेल्या दुधाला हसली, कॅमोमाइलला फार हसली, जावयालाही वाचून दाखवलं. मग तळाला आली. कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का. मग घडी घातली.

मी म्हणालो, मग?

मुलगी म्हणाली, "बाबा, आई म्हणाली, बारा पिशव्यांना शब्द सापडले, माझ्यापाशी आल्यावर यांचं पेन वाळलं."

मी मुलीला कोऱ्या शेऱ्याचा नियम समजावून सांगितला. पूर्ण. बोल्ट, ब्रश, हातमोजे, सगळं. ती ऐकत होती. नंतर म्हणाली, हे आईला कधी सांगितलं होतं तुम्ही. मी म्हणालो, स्टोअरमध्ये कुणाला सांगावं लागत नसे. ती म्हणाली, आई स्टोअरमध्ये नव्हती बाबा.

खोलीचं विचारलं. ही हो म्हणाली आहे. सकाळीच. पडदे बघायला गेल्या होत्या म्हणून फोनला उशीर झाला.

मी म्हणालो, फोन हिला दे. मुलगी आत जाऊन आली. म्हणाली, आई म्हणते, काय ते लिहून पाठवा, लिहिण्याची सवय आहे त्यांना.

मग मुलीने विचारलं, जेवलात का. मी हो म्हणालो. मग तिने विचारलं, काय. मी फोन ठेवला.

१६ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ९

पत्राचा मसुदा. आधी इथे लिहितो, मग स्वच्छ कागदावर.

सौ. हीस,

तुझा चहा चालण्यासारखा ~~होता~~.

तुझा चहा ~~बरा होता~~.

तुझा चहा, रविवारचा सोडून, ~~तक्रार करण्यासारखा नव्हता~~.

१०.४०

तुझा चहा चांगला होता. रविवारचाही. त्या दिवशी माझा खांदा दुखत होता आणि दुसरं काही बोलायला सुचलं नाही.

(एवढं लिहायला एक तास चाळीस मिनिटं लागली. पेन हलकं आहे. दोष पेनाचा नाही.)

११.१५

पुढे. वरच्या खोलीला तू हो म्हणालीस असं कळलं. जिना उंच आहे, मी पाहिला आहे, सतरा पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला. उतरताना कठडा उजव्या हातानेच धर, तुझा डावा हात धरत नाही. पडदे जाड घे, त्या खिडकीला दुपारचं ऊन येतं. जावई करतो तो चहा घेत जा. लेमन वाईट नाही, मी पुन्हा तपासला.

माझं इथे ठीक चाललं आहे. पातेली दोन उरली आहेत. कंपनीचा नवा बॉक्स आज आला, साठ पिशव्या, त्या एकट्याने संपणाऱ्या नाहीत. सिस्टर रोज वर येते आणि भांडते, म्हणजे काळजी करू नकोस.

एक विचारायचं आहे. भाडेकरूच्या वेळी त्या खोलीत एक खाट आणि एक टेबल होतं. टेबल काढलं तर दुसरी खाट बसते का, हे मला नक्की आठवत नाही. दार उघडायला अडीच फूट सोडावे लागतील. अंदाजाने सांगू नकोस आणि मुलीला फोन करायला लावू नकोस. टेप घेऊन तू स्वतः मोज, आणि काय भरतं ते लवकर कळव.